पायथनमध्ये फंक्शनल प्रोग्रामिंग शिकताना मॅप, रिड्यूस, कंपोज स्वतः लिहावेत की टूल्झसारखी तयार लायब्ररी वापरावी?

शिकण्यासाठी म्हणत असाल तर स्वतःच लिहा, आणि सुरुवात मॅपपासून (लिस्टमधल्या प्रत्येक मूल्यावर फंक्शन चालवणारा) नाही, रिड्यूसपासून (लिस्ट एकेक करत एकाच मूल्यात गोळा करणारा) करा.

रिड्यूसला तीन गोष्टी लागतात: दोन आर्ग्युमेंट्स घेणारं फंक्शन, एक लिस्ट आणि सुरुवातीचं मूल्य. साध्या फॉर लूपने तो चार ओळींत होतो. मग त्याच्यावरच मॅप उभा करा. सुरुवात रिकाम्या लिस्टने, आणि दर पायरीला फंक्शनने दिलेलं मूल्य शेवटी जोडून नवी लिस्ट परत करायची. (हे संथ आहे, पण आत्ता चालेल.) फिल्टरमध्ये (हवी तेवढीच मूल्यं ठेवणारा) फक्त एक अट वाढते. खरी मजा कंपोजला (अनेक फंक्शन्स जोडून एक करणारा) येते: तिथे रिड्यूसला आकड्यांऐवजी फंक्शन्सचीच लिस्ट द्यायची आणि सुरुवातीचं मूल्य म्हणून आलं ते जसंच्या तसं परत करणारं फंक्शन. फंक्शन हेही एक मूल्यच आहे, हे इथे जितकं पक्कं कळतं तितकं कुठल्याही व्याख्येने कळत नाही.

आता तुमचा मॅप पायथनच्या मॅपशेजारी ठेवा. तुमचा पूर्ण लिस्ट देतो; पायथन ३ मधला इटरेटर देतो, मागाल तेव्हा एकेक मूल्य काढतो आणि एकदा संपला की रिकामा. दोघांनाही इटरटूल्स मॉड्यूलचा काउंट (न संपणारे आकडे देणारा) देऊन बघा, तुमचा कधीच थांबणार नाही. मग तोच मॅप यील्ड (एकेक मूल्य देऊन तिथेच थांबणारा कीवर्ड) वापरून पुन्हा लिहा. लेझी इव्हॅल्युएशन, म्हणजे लागेल तेव्हाच मूल्य काढणं, समजून घ्यायला मला यापेक्षा चांगला सराव माहीत नाही.

रिड्यूस रिकर्शनने (फंक्शनने स्वतःलाच बोलावून) लिहिण्याचा मोह होईल. जरूर लिहा, पण पायथन टेल कॉल (फंक्शनच्या अगदी शेवटी केलेला कॉल) ऑप्टिमाइझ करत नाही आणि रिकर्शनची मर्यादा सहसा १००० असते, त्यामुळे मोठ्या लिस्टवर तो कोसळेल. लूपमध्ये लॅम्ब्डा (बिननावाची छोटी फंक्शन्स) बनवताना काळजी घ्या: ते सगळे लूप व्हेरिएबलची शेवटचीच किंमत पकडतात. पार्शल, म्हणजे काही आर्ग्युमेंट्स आधीच भरून ठेवलेलं फंक्शन, हे क्लोजर (बाहेरची व्हेरिएबल्स लक्षात ठेवणारं आतलं फंक्शन) वापरून सहज लिहिता येतं.

रोजच्या कामाच्या कोडमध्ये मात्र हे हेल्पर नेऊ नका. तिथे कॉम्प्रिहेन्शन (एका ओळीत लूप लिहून लिस्ट बनवणं) जास्त वाचनीय. पायथनचे जनक गिडो व्हान रॉसम यांना तर २००५ मध्ये मॅप, फिल्टर, लॅम्ब्डासुद्धा काढून टाकायचे होते, शेवटी ३.० मध्ये फक्त रिड्यूस फंक्टूल्स मॉड्यूलमध्ये हलला.

एवढं झालं की टूल्झचा सोर्स कोड उघडा. तिथले करी (आर्ग्युमेंट्स टप्प्याटप्प्याने देऊ देणारा), पाइप (मूल्य एकामागून एक फंक्शन्समधून नेणारा) आणि कंपोज तेव्हा ओळखीचे वाटतील.