इलेक्ट्रॉनांचे विसरण कॅमेऱ्याने कसे मोजतात?

प्रश्न : वायूत सुटलेल्या इलेक्ट्रॉनांचा अभ्यास कॅमेऱ्याने करतात, असे वाचनात आले. इलेक्ट्रॉन तर दिसत नाहीत. मग ते वायूत किती पसरले, हे छायाचित्रावरून कसे कळते?
– एक वाचक, सांगली

उत्तर : कॅमेरा इलेक्ट्रॉन टिपत नाही, त्यांच्यामुळे निघालेला प्रकाश टिपतो. इटलीतील ग्रान सास्सो भूमिगत प्रयोगशाळेत कृष्णद्रव्याच्या (विश्वातील न दिसणाऱ्या द्रव्याच्या) शोधासाठी बसवलेल्या ‘लाइम’ या उपकरणात हेलियम आणि कार्बन टेट्राफ्लुओराइड यांचे 60:40 मिश्रण वापरले गेले. त्यात सुटलेले इलेक्ट्रॉन विद्युतक्षेत्राच्या ओढीने जास्तीत जास्त 50 सेंटिमीटर सरकून ‘जेम’ पडद्यांपाशी पोहोचतात. फाबियो साउली यांनी 1997 मध्ये सर्न येथे पुढे आणलेला हा पडदा म्हणजे दोन्ही बाजूंना तांबे असलेली, 50 मायक्रॉन जाडीची, सच्छिद्र प्लास्टिकची फिल्म. छिद्रांतील तीव्र क्षेत्रात एकेका इलेक्ट्रॉनाचे हजारो होतात आणि त्या वेळी टेट्राफ्लुओराइडमधून नारिंगी-तांबडा प्रकाश बाहेर पडतो.

खरी मोजणी यापुढची आहे. लोह-55 या किरणोत्सारी स्रोताचा 5.9 किलोइलेक्ट्रॉनव्होल्ट ऊर्जेचा क्ष-किरण दीडशेच्या आसपास इलेक्ट्रॉन अगदी लहानशा जागेत सोडतो, म्हणजे सुरुवातीचा पुंजका जवळजवळ बिंदूच असतो. वाटेत रेणूंवर आपटत तो आडवा पसरतो आणि छायाचित्रात ठिपका म्हणून उमटतो. स्रोत पडद्यापासून वेगवेगळ्या, ठाऊक असलेल्या अंतरांवर ठेवून ठिपक्यांची रुंदी मोजतात. विसरणाची, म्हणजे या पसरण्याची, रुंदी अंतराच्या वर्गमूळाच्या प्रमाणात वाढते. 1 सेंटिमीटरला 130 मायक्रॉन असेल, तर 25 सेंटिमीटरला ती पाचपट, म्हणजे 650 मायक्रॉन होते. म्हणून रुंदीचा वर्ग आणि अंतर यांचा आलेख सरळ रेषा देतो. तिच्या उतारावरून विसरण गुणांक, म्हणजे अंतरागणिक पुंजका किती पसरतो हे सांगणारा आकडा मिळतो, तर शून्य अंतरावर उरणारी रुंदी जेम आणि भिंग यांच्यामुळे आलेली असते. ही विभागणी एकाच छायाचित्रावरून करता येत नाही. माझ्या मते या पद्धतीचे मर्म इथेच आहे.

मात्र पडद्याजवळच्या ठिपक्यांवर आंधळा विश्वास ठेवू नये. तिथे पुंजका दाट असल्याने छिद्रांतील प्रभार क्षेत्राला क्षीण करतो, ठिपक्याचा मध्य हवा तितका उजळत नाही आणि रुंदी फुगलेली भासते.

वायूची निवडही निर्णायक ठरते. शुद्ध आर्गॉनमध्ये इलेक्ट्रॉनांची ऊर्जा टकरींत फारशी खर्च होत नाही, त्यामुळे ते बरेच पसरतात. टेट्राफ्लुओराइडचे रेणू ती ऊर्जा कंपनांत शोषून घेतात, म्हणून त्यात ते कमी पसरतात. एकदा गुणांक हाती आला, की उलट हिशेबही मांडता येतो: एखादी घटना किती खोलवर घडली, याचा अंदाज तिच्या ठिपक्याच्या रुंदीवरूनच बांधता येतो.