चॅटबॉटला भावना असतात, असे लोकांना का वाटते?

याचे उत्तर यंत्रापेक्षा माणसाच्या मनात अधिक सापडते. १९६६ साली अमेरिकेतील एमआयटीच्या जोसेफ वायझेनबाउम यांनी ‘एलायझा’ हा संवाद साधणारा प्रोग्रॅम जगापुढे मांडला. तो समोरच्याचेच वाक्य फिरवून प्रश्नाच्या रूपात परत करीत असे, त्याला अर्थ काहीच कळत नसे, तरीही त्यांच्याच सेक्रेटरीने त्याच्याशी बोलताना त्यांना खोलीबाहेर जाण्यास सांगितले.

मुंबईच्या लोकलमध्ये ‘पुढील स्टेशन दादर’ ही घोषणा आपण रोज ऐकतो आणि बोलणारी बाई दमली असेल असे कोणाच्याही मनात येत नाही; पण तोच आवाज ‘आज फार उशीर झाला का तुम्हाला?’ असे विचारू लागला, तर विरार येईपर्यंत आपण त्याला घरची सगळी कहाणी सांगून मोकळे होऊ. (माझा नंबर बहुधा पहिला असेल.) आपल्या बोलण्याला मिळणारा नेमका प्रतिसाद हेच आपण भावनेचे लक्षण मानतो.

हेदर ग्रे, कर्ट ग्रे आणि डॅनियल वेग्नर या मानसशास्त्रज्ञांच्या २००७ च्या अभ्यासात लोकांनी रोबोटमध्ये विचार व नियोजन करण्याची क्षमता काही प्रमाणात असल्याचे मानले, मात्र भूक, वेदना किंवा आनंद अनुभवण्याची जवळजवळ नाहीच. आजचे चॅटबॉट ‘मला वाईट वाटले’ असे सहज म्हणतात, त्यामुळे ही सीमा पुसट होते. परंतु ती भाषा त्यांनी माणसांच्याच लेखनातून उचललेली असल्यामुळे केवळ त्या वाक्याला भावनेचा पुरावा मानता येत नाही.