नवा असिस्टंट कसा आहे ते नंतर, हेड कोच काय सोडतोय ते आधी

तुम्ही विचारलंत ते थोडक्यात असं: तुमच्या विद्यापीठाच्या अमेरिकन फुटबॉल संघाने आक्रमणासाठी नवा असिस्टंट कोच थेट एनएफएलमधून, म्हणजे तिथल्या व्यावसायिक लीगमधून, आणलाय. वय तिशीच्या आत आणि स्वतः कधी प्ले कॉल केलेले, म्हणजे सामन्यात पुढची चाल कोणती ते ठरवलेलं, नाही. माजी विद्यार्थ्यांपैकी काहीजण ‘आपल्याला जो ब्रेडी मिळाला’ म्हणून खूश आहेत, तर बाकीचे ‘पोरसवदा माणसाच्या हाती क्वार्टरबॅक (पास टाकणारा, आक्रमण चालवणारा खेळाडू) दिला’ म्हणून चिडलेत. हा जो ब्रेडी म्हणजे 2019 मध्ये एनएफएलमधूनच एलएसयू (लुइझियाना स्टेट युनिव्हर्सिटी) संघात आलेला तरुण असिस्टंट. यात खरं कोणाचं?

माझ्या मते दोघंही चुकीच्या माणसाकडे बघताहेत. असिस्टंट कितीही हुशार असो, हेड कोच त्याच्यासाठी स्वतःचं काय सोडायला तयार आहे, यावर पुढचं सगळं ठरतं. आणि हे समजून घ्यायला ब्रेडीचंच उदाहरण सगळ्यांत चांगलं आहे, फक्त ते 2019 पासून नव्हे, 2017 पासून बघायला हवं.

नोकरीनिमित्त लुइझियानात राहत असल्यामुळे बॅटन रूजचा एलएसयू संघ मी जवळून बघत आलोय. एड ओर्जेरॉन तेव्हा तिथला हेड कोच. मूळचा डिफेन्सिव्ह लाइनचा, म्हणजे बचावाच्या पहिल्या फळीचा माणूस, आक्रमणाची आखणी हा त्याचा प्रांत नव्हे. 2017 साठी त्याने मॅट कॅनडाला ऑफेन्सिव्ह कोऑर्डिनेटर, म्हणजे आक्रमणाचा प्रमुख असिस्टंट, म्हणून आणलं. कॅनडाचं नाव तेव्हा जोरात होतं, कारण आदल्याच मोसमात त्याच्या पिट्सबर्गने क्लेमसनला त्यांच्याच मैदानावर 43-42 असं हरवलं होतं आणि त्या क्लेमसनने पुढे राष्ट्रीय विजेतेपद मिळवलं होतं. स्नॅपच्या (चेंडू मागे देऊन चाल सुरू होण्याच्या) आधी खेळाडूंना इकडून तिकडे हलवून बचावाला गोंधळात टाकायचं, ही कॅनडाची खासियत. सप्टेंबरअखेर ट्रॉयकडून घरच्या मैदानावर 24-21 अशी हार झाली आणि त्याच सामन्यात ओर्जेरॉनने ही हालचाल कमी करायला सांगितलं. ज्या गोष्टीसाठी माणूस आणला, तीच काढून घेतली! एका मोसमानंतर दोघांचे रस्ते वेगळे झाले. कॅनडा नालायक होता असं मला कधीच वाटलं नाही. त्याला जागाच मिळाली नाही.

2018 मध्ये कोऑर्डिनेटरची जबाबदारी स्टीव्ह एन्समिंगरकडे आली. हा सत्तरच्या दशकातला एलएसयूचाच क्वार्टरबॅक, घरचा माणूस. ओहायो स्टेट विद्यापीठातून आलेला क्वार्टरबॅक जो बरो त्या वर्षी फक्त 16 टचडाउन पास (थेट गुण मिळवून देणारे पास) टाकू शकला आणि त्याचे 57.8 टक्के पास पूर्ण झाले. नोव्हेंबरमध्ये अलाबामाने टायगर स्टेडियममध्ये येऊन 29-0 असं धुतलं. घरच्या लाखभर प्रेक्षकांसमोर एकही गुण नाही. त्या रात्रीनंतर ओर्जेरॉनला कळून चुकलं की जुन्या पद्धतीने हा डोंगर चढता येणार नाही.

जानेवारी 2019 मध्ये ब्रेडी आला. वय 29, एनएफएलच्या न्यू ऑर्लिन्स सेंट्स संघात हेड कोच शॉन पेटनच्या हाताखालचा कनिष्ठ सहायक. एलएसयूत त्याचं पद होतं पासिंग गेम कोऑर्डिनेटर, शिवाय वाइड रिसीव्हर्सचं, म्हणजे पास झेलणाऱ्या खेळाडूंचं काम. कोऑर्डिनेटर एन्समिंगरच राहिला. मला या सगळ्या प्रकरणातलं सर्वांत मोलाचं हेच वाटतं. साठी ओलांडलेल्या माणसाने आपल्या मुलाच्या वयाच्या पोराला स्वतःच्या प्लेबुकमध्ये (चालींच्या वहीत) खाडाखोड करू दिली आणि कुठे कुरकुर ऐकू आली नाही. श्रेय वाटून घ्यायला मोठं मन लागतं, आणि एन्समिंगरला त्याचं श्रेय आजही पुरेसं मिळालेलं नाही.

ब्रेडीने नेमकं काय आणलं? एक, आरपीओ (रन-पास ऑप्शन): धावायचं की पास टाकायचं हे क्वार्टरबॅक स्नॅपनंतर, बचावातल्या एका ठरावीक खेळाडूची हालचाल बघून ठरवतो. दोन, सेंट्सच्या धर्तीवर पाच रिसीव्हर पसरवायचे आणि क्वार्टरबॅकला मागे एकटं ठेवायचं. यात संरक्षणाला फक्त पाच जण उरतात. सहावा धावत आला तर त्याचा बंदोबस्त क्वार्टरबॅकनेच करायचा, म्हणजे चेंडू त्याच्या आधी हातातून सुटला पाहिजे. हे धाडस झालं, कारण चूक झाली की तुमचा सगळ्यांत महागडा खेळाडू जमिनीवर. रनिंग बॅक, म्हणजे मुख्यतः चेंडू घेऊन धावणारा, क्लाइड एडवर्ड्स-हेलेअरने त्या मोसमात 55 पास झेलले, तेही याच विचारातून.

आता टेक्ससविरुद्धचा 7 सप्टेंबर 2019 चा सामना घ्या. ऑस्टिनमध्ये, शेवटची काही मिनिटं, एलएसयू 37-31 ने पुढे, थर्ड डाउन (चारपैकी तिसरा प्रयत्न) आणि चेंडू राखायला 17 यार्ड बाकी. जुना एलएसयू इथे चेंडू घेऊन सरळ धावला असता, घड्याळ खाल्लं असतं, पंट केला असता, म्हणजे चेंडू लाथेने दूर प्रतिस्पर्ध्यांकडे दिला असता, आणि बचावावर भरवसा ठेवला असता. ओर्जेरॉनसारख्या बचावाच्या माणसाला तर तेच सुचायला हवं. पण पासच ठरला. टेक्ससने ब्लिट्झ केला, म्हणजे जादा खेळाडू क्वार्टरबॅकवर सोडले, बरो आपल्या संरक्षकांच्या कड्यात पुढे सरकला, जस्टिन जेफरसनला पास, 61 यार्ड, टचडाउन. सामना 45-38 ने जिंकला. त्या क्षणी हेड कोच मध्ये पडला नाही. माझ्या लेखी ब्रेडीची नेमणूक यशस्वी झाली ती तिथे.

पुढचं सगळ्यांना माहीत आहे. मोसमात 15 विजय आणि एकही हार नाही, अंतिम सामन्यात क्लेमसनवर 42-25, बरोचे 60 टचडाउन पास, 76.3 टक्के अचूकता आणि सर्वोत्तम कॉलेज खेळाडूची हाइजमन ट्रॉफी. ब्रेडीला देशातल्या सर्वोत्तम असिस्टंटचा ब्रॉइल्स पुरस्कार मिळाला आणि लगेच तो एनएफएलच्या कॅरोलिना पँथर्सचा ऑफेन्सिव्ह कोऑर्डिनेटर झाला. त्याच्या जागी स्कॉट लिनहॅन आला, एकेकाळचा एनएफएलचा हेड कोच, अनुभव ब्रेडीच्या कित्येक पट. 2020 मध्ये संघाचे 5 विजय, 5 पराभव. याचं खापर मी लिनहॅनवर फोडणार नाही. ड्राफ्टमध्ये (एनएफएलच्या खेळाडू निवडीत) 14 खेळाडू गेले होते, स्टार रिसीव्हर जमार चेसने तो मोसम खेळायचं नाकारलं होतं, नवा क्वार्टरबॅक तीन सामन्यांतच जायबंदी झाला, वर कोविड. पण पदाचं नाव तेच आणि माणूस जास्त मोठ्या नावाचा, एवढ्याने काही होत नाही हे त्यातून दिसतं.

तुमच्या संघाबद्दल मला आणखी दोन गोष्टी जाणून घ्यायला आवडतील. पहिली, हा माणूस कॉलेजमध्ये पूर्वी कधी होता का? ब्रेडीला सगळे ‘सेंट्सचा’ म्हणतात, पण सेंट्सच्या आधी तो पेन स्टेट विद्यापीठात ग्रॅज्युएट असिस्टंट (शिकता शिकता काम करणारा कनिष्ठ कोच) होता आणि त्याआधी विल्यम अँड मेरी कॉलेजच्या संघात कोच होता. हे महत्त्वाचं का, तर एनसीएएच्या (कॉलेज खेळांच्या नियामक संस्थेच्या) नियमाने मोसमात खेळाडूला आठवड्याला 20 तास आणि दिवसाला जास्तीत जास्त 4 तासच सरावात गुंतवता येतं. एनएफएलचा खेळाडू पूर्ण वेळ हेच करतो, तुमच्या क्वार्टरबॅकची मात्र मंगळवारी सकाळी अकाउंटिंगची परीक्षा असते. प्लेबुक किती छाटायचं हे ज्याला कळत नाही, तो कॉलेजात तोंडघशी पडतो.

दुसरी, तो बाहेर रिक्रूटिंगला, म्हणजे शाळकरी खेळाडूंना संघात आणायला, जाणाऱ्यांत आहे का? जून 2024 पासून एनसीएएने सरावात शिकवण्यावरची मर्यादा काढली, त्यामुळे आता कितीही स्टाफ मैदानावर खेळाडूंना शिकवू शकतो. पण कॅम्पसबाहेर जाऊन शाळकरी खेळाडूंना भेटायची मुभा हेड कोच धरून 11 जणांनाच आहे. तो त्या अकरांत असेल तर त्याचं निम्मं वर्ष विमानतळांवर आणि कोणाच्या तरी आईवडिलांसमोर दिवाणखान्यात बसून जाणार. ते काम येत नसेल तर नुसतं फळ्यावरचं ज्ञान अपुरं पडेल. आणि तो अकरांत नसेल, तर त्याला मुळात आखणीसाठीच घेतलंय. मग त्याच्याकडून रिक्रूट आणायची अपेक्षा कोणी धरू नये आणि उद्या ते आले नाहीत म्हणून त्याला दोषही देऊ नये.

वयाची काळजी सोडा. स्प्रिंग प्रॅक्टिस (मोसमाआधीचा वसंतातला सराव) बघायला मिळाली तर क्वार्टरबॅककडे नजर ठेवा. चुकीचा पास टाकल्यावर तो कोणाकडे वळतो, नव्या असिस्टंटकडे, जुन्या कोऑर्डिनेटरकडे की हेड कोचकडे? आणि तो बोलत असताना बाकीचे दोघं गप्प राहतात का? एप्रिलमध्ये तिघेही एकाच वेळी त्याला काही सांगताना दिसले, तर सप्टेंबरमध्ये काय होणार याचा अंदाज तुम्हालाच येईल. जमलं तर इथे नक्की लिहा, मलाही उत्सुकता आहे.