संशयित, आरोपी की गुन्हेगार? आणि ‘प्रमाण’ नेमकं कशाचं?

प्रश्न असा आहे: जर्मनीतल्या २०२३ च्या गुन्ह्यांच्या आकडेवारीबद्दल मराठीत तीन तऱ्हेची वाक्यं वाचायला मिळतात. ‘तिथले ४१ टक्के गुन्हेगार स्थलांतरित आहेत’, ‘४१ टक्के आरोपी परदेशी आहेत’ आणि ‘परदेशी लोकांमध्ये गुन्हेगारीचं प्रमाण ४१ टक्के आहे’. तिन्हींचा अर्थ एकच धरायचा का? शिवाय स्वीडनमध्ये परदेशात जन्मलेल्यांवर संशयाची नोंद होण्याच्या शक्यतेबद्दल कुणी ‘अडीच पट’ लिहितं, कुणी ‘अडीच पटीने जास्त’. त्यात काही फरक आहे का?

तिन्ही वाक्यांचे अर्थ वेगळे आहेत. दुसरं खऱ्याच्या जवळ जातं, पहिल्यात दोन चुका आहेत आणि तिसरं पूर्णच चुकीचं आहे. तिसऱ्यापासून सुरुवात करतो, कारण ती चूक सर्वांत मोठी असूनही डोळ्यांना खटकत नाही.

‘संशयितांमध्ये परदेशी लोकांचं प्रमाण’ आणि ‘परदेशी लोकांमध्ये संशयितांचं प्रमाण’. शब्द तेच आहेत, ‘मध्ये’ आणि ‘चं’ यांनी फक्त जागा बदलल्या आहेत. पहिल्या रचनेत शंभर संशयित घेतले आणि त्यांतले परदेशी किती ते मोजलं. दुसरीत शंभर परदेशी माणसं घेतली आणि त्यांतल्या किती जणांवर संशय आहे ते मोजलं. ४१ हा पहिल्या मोजणीचा आकडा. त्या वर्षी जर्मन पोलिसांच्या नोंदीत सुमारे साडेबावीस लाख संशयित होते आणि त्यांतले सुमारे ९ लाख २३ हजार जर्मन नागरिक नव्हते. तोच आकडा दुसऱ्या रचनेत घातला की दर शंभर परदेशी माणसांतली एकेचाळीस गुन्ह्यात अडकली आहेत असं विधान तयार होतं. प्रत्यक्षात त्या देशात सव्वा कोटीच्या आसपास परदेशी नागरिक राहतात. ढोबळ भागाकार केला तर शंभरात सात-आठ येतात. आणि हा भागाकारही कच्चाच, कारण संशयितांत पर्यटक, सीमेपलीकडून कामाला येणारे आणि नुसते देशातून जाणारेही मोजले जातात, लोकसंख्येत मात्र ते नसतात.

याला थोडा आपला ‘प्रमाण’ हा शब्दही कारणीभूत आहे. हिस्सा, दर, मात्रा, एवढंच काय पुरावासुद्धा, इतके अर्थ तो एकटा वाहतो. एरवीच्या लिखाणात काही बिघडत नाही. पण माणसांच्या एखाद्या गटाबद्दल आकडा द्यायचा असेल तेव्हा ‘वाटा’ आणि ‘दर’ हे दोन शब्द वेगवेगळे वापरावेत, असं माझं ठाम मत आहे. संशयितांतला परदेशी लोकांचा वाटा ४१ टक्के. दर एक लाख परदेशी लोकांमागे किती संशयित, तो दर. ‘वाटा’ म्हटलं की कशातला हे सांगावंच लागतं आणि ‘दर’ म्हटलं की कितींमागे हे विचारलं जातं. ‘प्रमाण’ म्हटलं की दोन्ही प्रश्न टाळता येतात.

आता ‘गुन्हेगार’. फारसी ‘गुनाह’ला ‘गार’ जोडून आलेला हा शब्द आहे, आणि त्यातला ‘गार’ म्हणजे करणारा. म्हणजे ज्याने केलं तो. जर्मन तक्त्यातला शब्द आहे ‘टाटफेर्डेश्टिगे’: एखादं कृत्य केल्याचा संशय ज्यांच्यावर आहे ते. ही आकडेवारी पोलिसांची आहे आणि तपास संपवून कागदपत्रं सरकारी वकिलांकडे पाठवली जातात त्या टप्प्यावर तिची नोंद होते. त्यानंतर काही प्रकरणं पुराव्याअभावी तिथेच थांबतात, काही न्यायालयात जाऊन निर्दोष सुटतात. पण पोलिसांच्या तक्त्यातला त्या माणसाचा आकडा नंतर खोडला जात नाही. मग अशा माणसाला ‘ज्याने केलं तो’ कसं म्हणणार?

‘आरोपी’ हा शब्द आपल्याकडे फार सैल झाला आहे. अटक झाली की बातमीत माणूस आरोपी होतो. पण आरोप ठेवणं आणि आरोपपत्र दाखल होणं या पायऱ्या संशयाच्या पुढच्या आहेत, आणि त्या साडेबावीस लाखांतले बरेच जण तिथवर पोहोचतही नाहीत. ‘संशयित’ हाच नेमका शब्द. कुणाला तो मिळमिळीत वाटेल, पण नुसत्या कुजबुजीवरून कुणी या तक्त्यात येत नाही. पोलिसांकडे पुरेसा आधार असावा लागतो. शब्द जेवढं सांगतो तेवढंच त्या आकड्याला माहीत असतं.

जोडीला ‘उकल’ हा शब्दही घ्या. गुन्ह्याची उकल झाली म्हटलं की आपल्याला सगळा उलगडा झाल्यासारखं वाटतं. जर्मन नोंदीत उकल म्हणजे निदान एक संशयित निष्पन्न झाला, एवढंच. २०२३ मध्ये अशी उकल सुमारे ५८ टक्के गुन्ह्यांची झाली होती. उरलेल्या गुन्ह्यांमागे कोण होतं हे त्या तक्त्याला ठाऊक नाही, त्यामुळे ‘४१ टक्के गुन्हे परदेशी लोकांनी केले’ असंही त्यावरून म्हणता येत नाही.

देश बदलला की शब्दही बदलतो. डेन्मार्कची सांख्यिकी संस्था न्यायालयात दोषी ठरलेल्यांची मूळनिहाय आकडेवारी देते. अमेरिकेत एफबीआयच्या राष्ट्रीय आकडेवारीत स्थलांतराचा दर्जा नोंदवलाच जात नाही, म्हणून अभ्यासक टेक्सास राज्याकडे वळले. तिथे अटक झालेल्यांचे बोटांचे ठसे केंद्र सरकारच्या स्थलांतर नोंदींशी पडताळले जातात. तिथल्या २०१२ ते २०१८ च्या नोंदींवर २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, कागदपत्रं नसलेल्या स्थलांतरितांचा गंभीर गुन्ह्यांतला अटकेचा दर अमेरिकेत जन्मलेल्यांपेक्षा कमी आढळला. तेव्हा संशयित, अटक झालेले आणि दोषी ठरलेले या तीन वेगळ्या मोजण्या आहेत. तिन्ही ‘गुन्हेगार’ या एका शब्दाखाली आणल्या, की ज्यांची तुलनाच होऊ शकत नाही असे देश शेजारी मांडले जातात.

पहिल्या वाक्यातली दुसरी चूक ‘स्थलांतरित’ ही. जर्मन तक्त्यातला वर्ग आहे ‘जर्मन नागरिक नसलेले’. त्यात सुट्टीवर आलेला पर्यटक येतो आणि जर्मनीतच जन्मलेला, पण पासपोर्ट दुसऱ्या देशाचा असलेला तरुणही येतो. त्याने कधी स्थलांतर केलेलंच नाही. उलट, परदेशातून येऊन जर्मन नागरिकत्व घेतलेला माणूस खराखुरा स्थलांतरित असतो, पण तो या वर्गात नाही. दुहेरी नागरिकत्व असलेलेही जर्मनच मोजले जातात. तेव्हा ‘परदेशी नागरिक’ म्हणावं.

गोंधळ वाढवणारी आणखी एक गोष्ट. त्याच आकडेवारीत ‘त्सुवांडरर’ नावाचा वेगळा उपवर्ग आहे. कोशात पाहाल तर ‘बाहेरून येऊन राहिलेला’ असा अर्थ सापडेल आणि ‘स्थलांतरित’ लिहावंसं वाटेल. पण पोलिसांच्या व्याख्येत त्यात आश्रय मागणारे, संरक्षण मिळालेले निर्वासित, तात्पुरतं राहू दिलेले आणि परवान्याविना राहणारे अशा ठरावीक लोकांचाच समावेश होतो. नोकरीसाठी येऊन स्थायिक झालेली स्पॅनिश परिचारिका त्यात येत नाही. इथे मी एका शब्दाचा अट्टहास धरणार नाही, सरळ ‘आश्रय मागणारे, निर्वासित आणि तत्सम’ असं लिहीन.

४१ बद्दल अजून एक खुलासा आवश्यक आहे. विनापरवाना प्रवेश, विनापरवाना वास्तव्य असे परदेशी नागरिकांविषयीच्या कायद्याचे भंगही त्यात धरले आहेत, आणि ते स्वतः जर्मन नागरिकाला जवळजवळ करताच येत नाहीत. ते वगळले की वाटा ३४.४ टक्क्यांवर येतो. लोकसंख्येत परदेशी नागरिक सुमारे १५ टक्के, म्हणजे अंतर तरीही मोठं आहे. त्यातलं काही वयाचं आणि पुरुषांच्या अधिक संख्येचं आहे, कारण कोणत्याही समाजात तरुण पुरुषांवर संशयाच्या नोंदी जास्त होतात. पण सगळं अंतर एवढ्याने मिटतं असं म्हणणंही आकड्यांना धरून होणार नाही. नेमके शब्द वापरायचे ते दोन्ही बाजूंनी.

तेव्हा वाक्य असं लिहावं: ‘जर्मनीत २०२३ मध्ये पोलिसांनी नोंदवलेल्या संशयितांत परदेशी नागरिकांचा वाटा ४१ टक्के होता, परदेशी नागरिकांविषयीच्या कायद्याचे भंग वगळता तो ३४.४ टक्के होता.’ लांब आहे, पण यातला एकही शब्द काढता येत नाही.

आता ‘पट’. स्वीडनच्या गुन्हे प्रतिबंधक परिषदेने २०२१ मध्ये एक अहवाल दिला. त्यात परदेशात जन्मलेल्यांची संशयित म्हणून नोंद होण्याची शक्यता, स्वीडनमध्ये जन्मलेल्या आणि ज्यांचे दोन्ही पालकही तिथेच जन्मले अशा लोकांच्या अडीच पट आढळली. वय, लिंग, उत्पन्न वगैरे बाबी लक्षात घेतल्यावर ती १.८ पटीवर आली. इथे ‘अडीच पट’ हेच बरोबर. दुसऱ्या गटात शंभरात चार असतील तर पहिल्यात दहा. ‘अडीच पटीने जास्त’ काटेकोरपणे वाचलं तर चारात दहाची भर पडून चौदा होतात. बोलण्यात आपण दोन्ही एकाच अर्थाने वापरतो हे खरं, पण छापील आकड्यात वाचकाने कोणतं धरायचं हे त्याच्यावर सोडू नये. ‘दुप्पट झालं’ आणि ‘दुपटीने वाढलं’ यांचंही तसंच.

त्याच अहवालात ३.२ पट हाही आकडा आहे आणि तो पुष्कळदा ‘स्थलांतरित’ म्हणूनच सांगितला जातो. तो स्वीडनमध्येच जन्मलेल्या, पण दोन्ही पालक परदेशात जन्मलेल्या लोकांचा आहे. डॅनिश आकडेवारीत अशा लोकांसाठी ‘वंशज’ या अर्थाचा वेगळा शब्द आहे. मराठीत ‘स्थलांतरितांची मुलं’ म्हटलं की पुरतं.