ई-प्रिस्क्रिप्शन आल्यापासून औषधं देताना होणाऱ्या चुका खरंच कमी झाल्या का? फार्मासिस्टचा अनुभव काय?

अक्षर न लागल्यामुळे होणाऱ्या चुका जवळजवळ संपल्या. मी दोन्ही पद्धतींत काम केलंय आणि पुन्हा कागदाकडे वळायला मी अजिबात तयार नाही. मात्र आता चुका वेगळ्या प्रकारच्या होतात.

कागदावरचं अक्षर लागलं नाही की शंका यायची आणि डॉक्टरांना फोन जायचा. स्क्रीनवर चुकीचं औषधही स्वच्छ टाइप होऊन येतं. डॉक्टर नावाची पहिली काही अक्षरं टाकतात, यादी उघडते आणि भलत्याच ओळीवर क्लिक होतं. हायड्रॉक्सिझिन खाजेवर देतात, हायड्रालाझिन रक्तदाबावर. इंग्रजी स्पेलिंगची सुरुवात सारखी, त्यामुळे यादीत दोन्ही जवळजवळ येतात. ही गफलत पकडायची तर पेशंटला काय होतंय हे मला ठाऊक हवं, आणि आजाराचं निदान बऱ्याचदा प्रिस्क्रिप्शनवर नसतंच. औषध कशासाठी दिलंय, हा रकाना सक्तीचा करायला हवा असं माझं ठाम मत आहे.

मला सर्वांत जास्त धास्ती मेथोट्रेक्सेटची वाटते. संधिवातासाठी ते आठवड्यातून एकदाच घ्यायचं असतं. चुकून रोज घेतलं गेलं तर रक्तपेशी घटून जिवावर बेतू शकतं. डोसच्या रकान्यात 'रोज एक' आपोआप भरलेलं असतं आणि खाली शेऱ्यात 'फक्त सोमवारी' असं लिहिलेलं असतं, तेही एकाच प्रिस्क्रिप्शनवर! म्हणून मी शेरा आधी वाचते, आणि दोन्हींत फरक दिसला की पेशंट कितीही घाईत असला तरी फोन करते.

सॉफ्टवेअर देतं त्या धोक्याच्या सूचनांचा, म्हणजे अलर्टचा, उपयोग होतो, पण क्षुल्लक गोष्टींसाठीही ते सतत येत राहिले की महत्त्वाचा अलर्टही न वाचता बंद केला जातो.

आणखी एक गोष्ट पेशंटना सहसा माहीत नसते. डॉक्टरांनी त्यांच्या कॉम्प्युटरवर औषध बंद केलं, तरी ते आम्हाला कळेलच असं नाही. अमेरिकेत त्यासाठी 'कॅन्सल आरएक्स' नावाचा वेगळा संदेश आहे, पण तो दोन्हीकडच्या सॉफ्टवेअरमध्ये चालू असावा लागतो. नसेल तर जुन्या गोळीचे रिफिल, म्हणजे त्याच प्रिस्क्रिप्शनवर पुन्हा औषध घ्यायच्या खेपा, आमच्याकडे शिल्लकच दिसतात, आणि पेशंट जुनी-नवी दोन्ही औषधं घेत राहतो. तेव्हा डॉक्टरांनी काही बंद केलं किंवा डोस बदलला, तर काउंटरवर स्वतःहून सांगा.