जातमुचलका: पैसे भरायचे की नुसती सही?

प्रश्न: पुतण्याच्या जामिनाच्या आदेशात ‘१५,००० रुपयांचा जातमुचलका व तेवढ्याच रकमेचा एक जामीनदार’ असे लिहिले आहे. म्हणजे ३०,००० रुपये भरायचे का? आणि हा शब्द आला कुठून? (एक वाचक, ऐरोली)

उत्तर: आज एक रुपयाही भरायचा नाही. जातमुचलका हे लेखी वचन आहे: ‘तारखेला हजर राहीन, चुकलो तर सरकारला १५,००० रुपये देणे लागतो.’ जामीनदारही आपल्यापुरते तेच लिहून देतो. रक्कम देणे निघते ते वचन मोडल्यावर.

यातला ‘जात’ म्हणजे आडनावावरून विचारतात ती जात नव्हे. ती संस्कृत, ही अरबी; अर्थ ‘स्वतः’. ‘जातीने हजर राहा’ म्हणतो तीच. ‘मुचलका’ मूळ तुर्की-मंगोल. फारसीतून आपल्या दफ्तरांत आला. ‘जामीन’ अरबी, आणि मुळात तो माणूस: हमी घेणारा. ‘मी त्याला जामीन राहिलो’ यात तो जुना अर्थ शाबूत आहे. जुन्या व्यवहारात हजेरीची हमी देणारा हाजीरजामीन, पैशाची देणारा मालजामीन आणि वर्तणुकीची देणारा फैलजामीन, असे वेगवेगळे जामीन असत. पुढे ‘जामीन’ म्हणजे सुटका असा अर्थ रुळला आणि माणसासाठी ‘जामीनदार’ आला. व्युत्पत्तीने पाहिले तर हा पिवळा पीतांबरच. इंग्रजी कायद्यातला ‘रेकग्निझन्स’ जुन्या फ्रेंचमधला, अर्थ ‘कबुली’. राजाचे अमुक इतके देणे लागतो, अशी आधीच कबुली द्यायची. हजर राहिलात की ती रद्द. आपला मुचलका त्याच धाटणीचा.

१ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेने हा घोळ व्याख्येतच मिटवला आहे. जामीनदाराशिवायचे ते बंधपत्र, जामीनदारासह ते जामीनपत्र. कोर्टाच्या आवारात मात्र ‘पीआर बॉण्ड’ (जातमुचलका) आणि ‘शुअर्टी’ (जामीनदार) हेच कानावर येईल.

खरी अडचण जामीनदाराच्या कागदांत येते. आधार, रेशनकार्ड, फोटो, पगाराची स्लिप किंवा घरपट्टीची पावती असे साधारण मागतात. मूळ प्रती सोबत न्या. घर वडिलांच्या नावावर आणि उभा राहतो मुलगा, किंवा आधारवर एक स्पेलिंग आणि पावतीवर दुसरे, की काम अडले. आधी किती जणांना जामीन राहिला आहे, हेही त्याला याच संहितेच्या कलम ४८६ प्रमाणे लिहून द्यावे लागते. ते लपवू नये.

नवी मुंबईत आणखी एक गोम आहे. बेलापूर ठाणे जिल्ह्यात, पुढचेच स्टेशन खारघर रायगडात. खारघरचा जामीनदार ‘परजिल्ह्यातला’ म्हणून कोणी नाकारू लागले, तर वकिलांना मोतीराम खटल्याचा १९७८ चा निकाल दाखवायला सांगा. जामीनदार व त्याची मालमत्ता दुसऱ्या जिल्ह्यात आहे एवढ्यावरून त्याला नाकारणे सर्वोच्च न्यायालयाने तेव्हाच चूक ठरवले आहे.

जामीनदार मिळेपर्यंत रोख भरून सोडण्याची विनंती करता येते. त्या पैशांची पावती जपून ठेवा. खटला संपल्यावर परताव्याच्या अर्जाला तीच लागते.

प्रश्न: शेजाऱ्याला जामीन राहिलो. आता तो तारखा चुकवतो. माझी सुटका कशी? (एक वाचक, कळवा)

उत्तर: त्याच न्यायालयात कलम ४८९ खाली जामीनकीतून मुक्त करण्याचा अर्ज द्या. अर्ज कधीही देता येतो, कारण पटवून द्यावे लागत नाही. न्यायालय आरोपीविरुद्ध वॉरंट काढते; तो हजर झाला की तुमचे जामीनपत्र रद्द होते आणि त्याला दुसरा जामीनदार शोधावा लागतो. नुसता अर्ज टाकून मोकळे झालो असे समजू नका, तो हजर होईपर्यंत तुम्ही बांधलेलेच.

उशीर केलात तर कलम ४९१ ची नोटीस येईल: रक्कम भरा, नाहीतर का भरू नये ते सांगा. तिला उत्तर न देणे ही सर्वांत महागडी चूक. रक्कम दंडासारखी वसूल होते, आणि ती वसूल झालीच नाही तर जामीनदाराला ६ महिन्यांपर्यंत दिवाणी कैद होऊ शकते. उलट वेळेत हजर राहून आरोपीला शोधायला काय खटपट केली ते सांगितलेत, तर कारणे नोंदवून काही रक्कम माफ करण्याचा अधिकार न्यायालयाला आहे. म्हणून त्याला पाठवलेले निरोप, मेसेज पुसून टाकू नका.