दाराला कडी न लावणारे बाबा

"लहानपणी मी जे भोगलं ते माझ्या मुलांतही उतरेल का?" आईबाप हा प्रश्न फार विचारतात. त्यावर समुपदेशक म्हणून आलेला एक अनुभव सांगते. ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत.

चाळिशीतले गृहस्थ, पुण्यात नोकरी. रात्री बेडरूमच्या दाराला कडी लावू द्यायचे नाहीत. उशाशी टॉर्च, चपला आणि कागदपत्रांची पिशवी. बायको वैतागली होती, पण ते माझ्याकडे आले मुलीमुळे. नऊ वर्षांची ती पोर आता दप्तर अन् चपला उशाशी घेऊन झोपायला लागली होती. "मॅडम, मी तिला कधीच काही सांगितलेलं नाही."

मेख तिथंच होती. 30 सप्टेंबर 1993, किल्लारी. गणपती विसर्जन करून गाव झोपलं आणि पहाटे चारच्या सुमारास धरणी हलली. दगडमातीच्या जाड भिंती, वर मातीचं माळवद. माणसं झोपेतच गाडली गेली. जवळपास 10 हजार गेली. हे तेव्हा आठ वर्षांचे, अंगणात झोपले म्हणून वाचले. आजी आत होती, कडी लावून.

आठ वर्षांच्या पोराने त्यातून जो धडा घेतला, तो त्या घरापुरता बरोबरच होता. आरसीसीच्या इमारतीत येऊनही तो चालूच राहिला. आणि मुलीला कारण माहीत नसल्याने तिच्या वाट्याला नुसती भीती आली.

अमेरिकेत बर्कलीच्या विद्यापीठात मानसशास्त्रज्ञ मेरी मेन आणि सहकाऱ्यांनी 1980 च्या दशकात आईबापांना त्यांच्या बालपणाबद्दल बोलतं केलं. बालपण किती वाईट गेलं यापेक्षा, ते नीट सलग सांगता येतं का, याचा मुलांशी जुळलेल्या नात्याशी जास्त संबंध दिसला. म्हणून आधी सांगायचा सराव केला, मग कडीचा. कडी दुपारी, मग रात्री थोडा वेळ. छाती धडधडली तरी उठायचं नाही. धडधड चढते तशी उतरतेही.

मुलीला सगळं सांगितलं तेव्हा तिने विचारलं, "मग आपलं घर मातीचं आहे का?" बाबा तिला खाली पार्किंगमध्ये घेऊन गेले, खांब दाखवले. तिने ते हाताने ठोकून पाहिले. चपला आता दाराशी असतात. टॉर्च मी काढायला सांगितलेला नाही, वीज जातेच.

अशा भीतीने झोप किंवा कामधंदा बिघडत असेल तर जवळचा समुपदेशक गाठा. ते जमत नसेल तर सरकारच्या टेलि-मानस या मानसिक आरोग्य हेल्पलाइनच्या 14416 या क्रमांकावर मराठीतही बोलता येतं.